सुया, काढा आणि भाऊजींची बैठक

दवाखान्यात नवीन पेशंट आला की नाव-पत्ता लिहून घेण्याआधी मी विचारायचे, "काही खाऊन आलात का?" निम्मे लोक मोठ्या अभिमानाने सांगायचे, "नाही हो, सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही." आता शाबासकी मिळणार असं त्यांना वाटायचं. मी त्यांना खाली कोपऱ्यावरच्या टपरीवर पाठवायचे. "दोन केळी खा, चहा घ्या आणि मग वर या."

रक्त तपासायला रिकाम्या पोटी जायचं हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात आमची पंचवटी. इथे प्रत्येकाने कुठला ना कुठला वार धरलेला असतो. चांगल्या कामाला चांगला वार म्हणून लोक सुया लावून घ्यायला नेमके उपासाच्या दिवशी यायचे. उपाशी माणसाला सुया लावल्या की घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग तेच बाहेर जाऊन सांगायचे, "चिनी विद्या फार कडक आहे बरं का." विद्येचा काही दोष नव्हता, पोटात अन्न नव्हतं. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी खा, राजगिऱ्याचा लाडू खा, पण खाऊन या, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही म्हणेन.

हे नव्वदच्या दशकातलं. दवाखाना कारंजाच्या चौकातून आत वळलं की एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर होता. आमच्या डॉक्टर मूळच्या एमबीबीएस. साधी प्रॅक्टिस करता करता त्या ॲक्युपंक्चर शिकल्या आणि मग त्यातच रमल्या. त्या काळात गावात ॲक्युपंक्चरच्या पाट्या अचानक वाढल्या होत्या. कुणी चार दिवसांचं शिबिर केलेलं, कुणी नुसतं पुस्तक वाचलेलं. म्हणून एखाद्या पेशंटने विचारलं, "तुम्ही हे कुठे शिकलात?" की डॉक्टर खूश व्हायच्या. "विचारलंच पाहिजे," म्हणायच्या. "गवंडी लावताना चार घरं बघून येता आणि अंगात सुया टोचून घेताना लाजता कशाला?"

मी काउंटर सांभाळायचे. अपॉइंटमेंट देणं, जुने एक्स-रे मागून घेणं, सुया निर्जंतुक करायच्या मशीनवर लक्ष ठेवणं, अशी कामं. तेव्हा एड्सची भीती नवी होती. लोक सुईकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. आम्ही प्रत्येक पेशंटच्या सुया त्याच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या नळीत ठेवायचो. पुढे दोन हजारनंतर एकदाच वापरून टाकायच्या सुया सहज मिळायला लागल्या, तेव्हा ती कटकट संपली. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, एवढंच मग सांगावं लागायचं.

दुसरी भीती दुखण्याची. इंजेक्शनची सुई आणि ही सुई यांत सुतळी आणि केस इतका फरक. लावताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथे जड वाटतं, झिणझिण्या येतात. ते चालतं. आग झाली किंवा झटका बसला तर लगेच सांगायचं. हे बायकांना मी दोनदा सांगायचे, कारण दात दाबून पडून राहण्यात त्या पटाईत. एक बाई सगळा वेळ डोळे मिटून पडल्या आणि नंतर म्हणाल्या, "डावीकडची फार लागत होती हो, पण म्हटलं तेवढ्यासाठी कशाला कुणाला बोलवायचं."

हे सगळं मी परक्यांना सांगत होते तोवर सोपं होतं. मग घरचाच पेशंट आला.

माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, रामकुंडावर पौरोहित्य करायचे. आमच्या घरात ते पिढीजात आहे. माझे मिस्टर नोकरीत गेले, भाऊजींनी गंगेवरचं काम धरलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. रोज सकाळी स्नान करून ते घाटावर जायचे आणि दुपारपर्यंत दगडावर पाट टाकून, मांडी घालून बसायचे. साठी जवळ आली तसे गुडघे बोलायला लागले. आधी उठताना, मग बसताना, मग बसल्या बसल्या. एका श्रावणात तर ते विधी अर्धा टाकून उठले आणि बाकीचा उभ्याने सांगितला.

"खुर्ची घ्या ना भाऊजी," मी म्हटलं. "हल्ली कितीतरी जण घेतात."

"यजमान खाली आणि मी वर? मग शेजारी टेबल-फॅनही लाव. आणि एक गल्ला."

वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, आतून म्हणाल्या, "गुडघे मोडून घ्या मग. मान राहील, पाय जातील."

दुखणं जुनं होतं. आत्ता ते एवढं मनाला लागण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते दोन दिवसांनी कळलं. जळगावकडचं एक कुटुंब आमच्याकडे तीन पिढ्या येत होतं. त्या घरातले कर्ते गृहस्थ गेल्या वर्षी गेले होते आणि त्यांचा मुलगा कार्तिकात वर्षश्राद्ध करायला येणार होता. ते गृहस्थ आणि भाऊजी एका वयाचे. भाऊजी नवे नवे घाटावर बसायला लागले तेव्हाचे त्यांचे पहिले यजमान तेच.

"त्याच्या वडिलांचं श्राद्ध मी त्याच्याकडून करून घेतलं," भाऊजी मला म्हणाले. "आता त्याचं दुसऱ्या कुणी करायचं? तुझ्या त्या सुयांनी कार्तिकापर्यंत मला तेवढं बसता येईल का, एवढं विचार."

मी विचारलं नाही, त्यांनाच दवाखान्यात बोलावलं. येताना एक्स-रे आणा, सैल पायजमा घाला आणि जेवून या, असं बजावून सांगितलं. नेमकी त्या दिवशी मी बँकेत गेले होते. ते घाटावरून सरळ दवाखान्यात आले. विधी आटोपल्याशिवाय ते अन्न घेत नसत आणि औषधोपचार हाही त्यांच्या लेखी विधीच. डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंत ना गुरुजी?" तर म्हणाले, "त्याची काळजी नको."

मी परत आले तेव्हा ते टेबलावर आडवे, पाय उशीवर उंच केलेले, चेहरा पांढरा. डॉक्टरांनी सुया केव्हाच काढल्या होत्या आणि त्या साखरपाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. भाऊजींनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, "झाले का गुडघे बरे?"

"गुडघे राहू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"खोटं नाही बोललो. काळजी नको म्हणालो."

"उद्यापासून ती काळजी मीच करणार. जेवलात तरच सुई."

तेव्हापासून वहिनी दुपारी डबा घेऊन दवाखान्यात यायच्या. भाऊजी बाकावर बसून वरण-भात खायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचे आणि मग टेबलावर चढायचे. इतर पेशंट हसत बघायचे. एकाने विचारलं, "इथे जेवणही मिळतं का?" वहिनी म्हणाल्या, "मिळतं. बायको घेऊन या."

सुयांनी फरक पडला, पण लोकांना वाटतो तसा नाही. एका बैठकीत कुणाचं काही बरं होत नाही. पहिल्या आठवड्यात भाऊजींना फक्त झोप चांगली लागली. एकदा तर दुखणं वाढलंच आणि ते सोडून द्यायला निघाले. डॉक्टरांनी समजावलं की एखादा दिवस असं होऊ शकतं, चार-पाच वेळा झाल्यावरच हिशेब करायचा आणि तरीही काहीच फरक नसेल तर त्या स्वतःच थांबवतील. आपणहून "थांबवू" म्हणणारा डॉक्टर बरा, हे माझं मत तेव्हापासूनचं.

मग डॉक्टरांनी काढा काढला. चिनी वनस्पती त्या कलकत्त्याच्या चिनी वस्तीतल्या एका जुन्या दुकानातून मागवायच्या. पार्सल आलं की दवाखान्याला लाकडाचा आणि सुंठीचा वास यायचा. भाऊजींनी पुडी हातात घेतली नाही.

"यात जीवजंतू नाहीत ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "बरं झालं विचारलंत. चिनी औषधांत कधी कधी किड्यांची कात असते, हरणाचं शिंग असतं. मी ते ठेवत नाही. आणि ज्या पाकिटावरचं मला वाचता येत नाही, ते मी परत पाठवते." त्यांनी पुडी कागदावर मोकळी केली आणि एकेक तुकडा उचलून दाखवायला लागल्या.

"ही दालचिनी," भाऊजी म्हणाले.

"दालचिनीच."

"मग एवढ्या लांबून कशाला? भद्रकालीच्या बाजारात मिळते की."

"ही जाड सालीची आहे, वेगळी. आणि हे ज्येष्ठमध."

"तेही आमच्या घरात आहे. ही चिनी माणसं आमच्याच मांडणीवरून घेऊन गेलेली दिसतात."

सगळे हसले. वहिनीही आल्या होत्या, काढा कसा करायचा ते समजून घ्यायला. त्यांनी सहज विचारलं, "आणि यांची बीपीची गोळी याच्या आधी द्यायची की नंतर?"

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. "कुठली बीपीची गोळी?"

भाऊजी खिडकीकडे बघायला लागले. पहिल्या दिवशी, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, या प्रश्नावर त्यांनी "काही नाही" सांगितलं होतं.

"गुरुजी, मी विचारलं होतं."

"मी गुडघे दाखवायला आलो होतो. बीपी काय गुडघ्यात असतं?"

"ज्येष्ठमधाने बीपी वाढू शकतं. रोज काढा घेतला असतात, तर गुडघ्यांसाठी आलेला माणूस मला दुसऱ्याच दवाखान्यात पोचवावा लागला असता." त्या ओरडल्या नाहीत, पण पुडी उचलून आत घेऊन गेल्या. भाऊजींच्या बीपीच्या डॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन लावला. दोन दिवसांनी ज्येष्ठमध नसलेली नवी पुडी मिळाली, आणि गोळी एक दिवसही बंद करायची नाही ही तंबी.

नवीन पेशंटला मी एकच गोष्ट सांगू शकले असते, तर हीच सांगितली असती. चालू असलेली प्रत्येक गोळी, चूर्ण, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, सगळं सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी असेल, दिवस राहिले असतील, तर ते आधी सांगा. आपल्याकडे लोक एकाच वेळी चार पॅथींची औषधं घेतात, कुठलं तरी लागू पडेल म्हणून, आणि चारही डॉक्टरांना वाटतं आपलंच चालू आहे.

काढा घरी आला, तर वहिनींनी पहिल्या दिवशी तो चहाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळून दूध-साखर घातली. "नुसता कसा देऊ? तोंड वाकडं करतात." मी स्टीलचं पातेलं काढून दिलं आणि दूध-साखर बंद केली. भाऊजींनी तोंड वाकडं करून का होईना, घेतला. आठवड्याने पुड्या वेळेआधी संपल्या. चौकशी केल्यावर कळलं की शेजारच्या काकूंचेही गुडघे दुखत होते, म्हणून वहिनींनी त्यांना तीन पुड्या दिल्या होत्या. आपल्याकडे लोणचं वाटतात तसं औषध वाटतात. मी जाऊन उरलेली पुडी परत आणली. काकू अजून मला त्यावरून बोलतात.

भाद्रपद जवळ आला तेव्हा भाऊजी बरेच बरे होते. जिना रेलिंग न धरता चढायचे. त्यांना वाटलं, झालं. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर न घेता समोर बसवलं. मीही तिथेच होते.

"पितृपक्षात तुम्ही किती वेळ बसता?"

"पहाटेपासून. गर्दी असते. एक उठला की दुसरा बसतो, मी तिथेच."

"सगळा पंधरवडा?"

"वर्षाचं काम आहे ते आमचं."

"मग कार्तिक विसरा," डॉक्टर म्हणाल्या. "सुया दुखणं कमी करतात गुरुजी, झिजलेला गुडघा नवा करत नाहीत. तुमचा एक्स-रे मी पाहिलाय. पंधरा दिवस दगडावर मांडी घातलीत, तर आतापर्यंतचं सगळं वाहून जाईल. दोन्ही होणार नाही. एक निवडा."

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "पितृपक्ष सोडायचा म्हणजे त्याच्याकडे द्यायचा."

तो म्हणजे त्यांचा धाकटा चुलतभाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, घाटावर शेजारीच बसायचा. भांडण असं नव्हतं, पण लग्नकार्याखेरीज येणं-जाणंही नव्हतं. एकदा त्याच्यासमोर बसलेला यजमान पुढच्या वर्षी आपल्याकडे येईलच याचा भरवसा नाही, ही भाऊजींची भीती. ती काही चुकीची नव्हती. मी त्यांना धीर दिला नाही. एवढंच म्हटलं, "गर्दी गेली तर दुसरी येईल. जळगावचं श्राद्ध एकदाच होणार आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते निघाले आणि मला म्हणाले, "तू चल. तू असलीस की तो जास्त बोलणार नाही." तो अंदाज साफ चुकला.

चुलतभाऊ दारातच होता. "दादा, तू आणि माझ्या दारात? गंगेला पूर आला की काय?"

"पूर नाही. गुडघे."

"ते सगळ्या घाटाला माहीत आहे. तू श्रावणात उभा राहिलास तेव्हा लोकांना वाटलं आरती सुरू झाली."

भाऊजींनी ते गिळलं. "पितृपक्षात माझ्याकडची माणसं तू सांभाळ. मी येईन, पण बसणार नाही."

चुलतभावाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आणि यजमान कुणाचे?"

"माझेच."

"म्हणजे मांडी माझी आणि मान तुझा."

"तसंच."

तो हसायला लागला. मोठ्याने, खांदे हलवत. "ये, बस. खाली नको, कॉटवर बस. अगं, चहा टाक, दादा आलाय."

पितृपक्षात भाऊजी घाटावर जायचे, आलेल्यांना ओळखायचे, चौकशी करायचे आणि चुलतभावासमोर बसवायचे. स्वतः पायरीवर पाय सोडून बसायचे. दुपारी डबा, मग सुया. त्या गर्दीतली काही घरं पुढच्या वर्षी परस्पर चुलतभावाकडे गेली. भाऊजींना ते लागलं, पण कुरकुर त्यांनी केली नाही.

दिवाळीनंतर जळगावची मंडळी आली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पूर्ण मांडी जमेलच असं नाही. उंच पाट घ्या, खाली घोंगडीची घडी घाला, एक पाय दुखला की दुसरा बदला. मी आणि वहिनी वरच्या पायरीवर उभ्या होतो. भाऊजींनी एक पाय दुमडला, दुसरा अर्धवट ठेवला आणि बसले. न बोलावता चुलतभाऊ येऊन त्यांच्या डाव्या हाताला बसला. तीळ, दर्भ, पळी, जे लागेल ते तो हातात ठेवत होता, म्हणजे भाऊजींना वाकावं लागू नये.

मुलगा तिशीतला, भेदरलेला. त्याच्या हातात दर्भ उलटा आला आणि तो आणखीनच गडबडला. भाऊजींनी त्याच्या बोटांतून दर्भ काढून नीट धरून दिला. "घाबरू नकोस. तुझ्या वडिलांनीही इथेच उलटा धरला होता. मलाही तेव्हा फारसं येत नव्हतं, म्हणून मी त्यांना तसाच धरू दिला."

मुलगा हसला आणि हसता हसता रडायला लागला. भाऊजी थांबले. त्याला रडू दिलं. मग पुढचा मंत्र सुरू केला. मध्ये दोनदा त्यांनी पाय बदलला. तिसऱ्यांदा चेहरा आवळला, वहिनींनी माझा हात धरला, पण आवाज तुटला नाही. शेवटपर्यंत त्यांनी बसून सांगितलं.

पिंड पाण्यात सोडायची वेळ आली. सगळे उठले. भाऊजी उठेनात.

"उठतोस का, की तुझंही आजच उरकू?" चुलतभाऊ म्हणाला.

"थांब रे. मुंग्या आल्यात, जाऊ देत."

चुलतभाऊ थांबला. मुलगाही पिंडांचं पात्र हातात घेऊन थांबला. थोड्या वेळाने भाऊजींनी दोन्ही पाय पुढे घेतले, एक हात चुलतभावाच्या खांद्यावर ठेवला आणि उभे राहिले. मग खांदा सोडून, एकेक पायरी उतरत, ते मुलाला घेऊन पाण्यापर्यंत गेले.